स्वभावाला औषध नाही, पण कामाला आहे का?



गेल्या सुट्टीत साक्रीला घरी गेले होते. पेट परीक्षा नुकताच पास झालेला एक मुलगा भेटायला आला. विषय ठरलाय म्हणाला. विषय असा: ‘साक्री तालुक्यातील एस.टी. चालक-वाहकांच्या व्यक्तिमत्त्व गुणविशेषांचा कार्यताणावर होणारा परिणाम: एक अभ्यास.’ त्याच्याकडे दोन छापील प्रश्नावल्या होत्या. एक व्यक्तिमत्त्वाची, एक ताणाची. नमुना १०० ठरला होता. सहसंबंध काढायचा हेही ठरलं होतं. आणि गंमत म्हणजे शेवटच्या प्रकरणातली शिफारससुद्धा जवळपास तयार होती: कर्मचाऱ्यांनी नियमित योग, ध्यान करावे आणि सकारात्मक दृष्टिकोन ठेवावा.

मी हसले नाही, कारण माझा पहिला आराखडा याच वळणाचा होता. एम.एस्सी. मी प्राणिशास्त्रात केली. ताण म्हणजे काय हे मला उंदरांच्या ग्रंथींपासून माहीत होतं, माणसांच्या नोकरीपासून नाही. माझ्या मार्गदर्शकांनी तो आराखडा वाचून एकच प्रश्न विचारला होता: “माणसाचा स्वभाव तू नोकरी लागायच्या आधी मोजणार की नंतर?” मला उत्तर देता आलं नाही. ते शोधता शोधता या विषयाचा इतिहास वाचावा लागला आणि तो वाचल्यावर माझा आराखडा मीच फाडला.

आज तोच इतिहास तुम्हाला सांगते. सोबतीला एकच माणूस घेऊ, बसचा चालक. योगायोग असा की या विषयाच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा येतो.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ

साक्रीच्या स्टँडवर उभे राहा. एक गाडी धुळ्याकडे निघते, एक नवापूरकडे, कोंडाईबारीचा घाट उतरून. चालक स्टिअरिंगवर. वाहक गर्दीत वाट काढत “सुट्टा पैसा शेतस का?” विचारतोय. एखादा चालक शांत असतो, एखादा हॉर्नवरून हात काढत नाही. संध्याकाळी दोघांपैकी एकाचं डोकं दुखतं, रक्तदाब वाढलेला असतो, घरी गेल्यावर चिडचिड होते. मग ओट्यावर बसलेली माणसं विचारतात, “तरास कामना शे का सोभावना?”

त्रास कामाचा की स्वभावाचा? अहिराणीतला हा साधा प्रश्न म्हणजेच आपला संशोधन विषय. गेली सत्तर-ऐंशी वर्षं मोठमोठे संशोधक याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. उत्तर कधी कामाकडे झुकलं, कधी स्वभावाकडे. ते का झुकलं, यातच आपल्या कामाचं बरंच काही आहे.

१९३६: एकाच वर्षी दोन सुरुवाती

ताण आणि व्यक्तिमत्त्व, या दोन्ही अभ्यासांत १९३६ हे वर्ष महत्त्वाचं आहे.

त्या वर्षी कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांचं एक छोटं टिपण ‘नेचर’मध्ये छापून आलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, अति श्रम करवा किंवा विषारी द्रव्य टोचा. कारण काहीही असलं तरी शरीरात तेच तीन बदल दिसत होते. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत, थायमस आक्रसत असे आणि जठर-आतड्यांत व्रण पडत. याच प्रतिक्रियेला पुढे ‘स्ट्रेस’ हे नाव चिकटलं. लक्षात घ्या, सेल्ये यांच्या मांडणीत उंदराच्या स्वभावाला जागाच नव्हती. जो उंदीर सापडेल त्याला तेच होणार.

त्याच वर्षी अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांमधला फरक सांगणारे १७,९५३ शब्द वेगळे काढले. पुढच्या काही दशकांत हे शब्द गटागटांत बसवत बसवत संशोधक पाच मोठ्या गुणांपर्यंत आले: बहिर्मुखता, मिळतेजुळतेपणा, कर्तव्यदक्षता, नव्या अनुभवांना खुलेपणा आणि न्यूरॉटिसिझम, म्हणजे मन चटकन अस्वस्थ होण्याची वृत्ती. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांची या पाच गुणांची सुधारित प्रश्नावली १९९२ मध्ये आली. तिच्यात २४० विधानं आहेत. या अभ्यासात उलट घडलं. माणूस बारकाईने मोजला गेला, पण तो कुठे आणि काय काम करतो याचा त्या मोजमापात उल्लेख नव्हता.

आपला विषय म्हणजे या दोन अभ्यासांची गाठ. दोन्हीकडची उणीव बरोबर घेऊनच आपण सुरुवात करतो, एवढं ध्यानात असू द्या.

लंडनचे चालक, वाहक आणि त्यांच्या विजारी

१ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर आपली एस.टी. सुरू झाली. त्यानंतर वर्षभरातच लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांची माहिती गोळा करू लागले. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. चालकांपेक्षा वाहकांना हृदयविकार कमी होता. दोघे एकाच गाडीत, एकाच शहरात, पगारात आणि राहणीतही फार तफावत नाही. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिना चढ-उतार करत. मॉरिस म्हणाले, शारीरिक हालचाल हृदयाला वाचवते.

इथे थांबून स्वतःला विचारा: तुम्ही परीक्षक असता तर कोणती शंका काढली असती?

ती शंका मॉरिस यांनी स्वतःच काढली, म्हणून मला हा माणूस आवडतो. चालक होणारा माणूस आणि वाहक होणारा माणूस मुळातच वेगळे असतील तर? त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या आणि १९५६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. चालकांच्या विजारींची कंबर वाहकांच्या विजारींपेक्षा मोठी होती आणि हा फरक तरुण वयोगटातही दिसत होता. म्हणजे वर्षानुवर्षं बसून काम केल्याचा परिणाम व्हायच्या आधीच दोन गटांत फरक होता.

हालचालीचं महत्त्व त्यामुळे खोटं ठरलं नाही. पुढच्या अभ्यासांनी ते पक्कंच केलं. पण मुद्दा असा की ‘कामामुळे झालं’ म्हणण्याआधी ‘त्या कामात कोण आलं’ हे पाहावं लागतं. माझ्या मार्गदर्शकांचा प्रश्न हाच होता. नोकरीत पंधरा वर्षं काढलेल्या चालकाच्या हातात आज प्रश्नावली दिली आणि तो चिडका निघाला, तर तो चिडका होता म्हणून ताण आला, की पंधरा वर्षांच्या ताणाने तो चिडका झाला? एकाच दिवशी भरलेल्या दोन प्रश्नावल्या याचं उत्तर देऊ शकत नाहीत. आणि जे चालक मधेच नोकरी सोडून गेले, ते तर तुमच्या नमुन्यात आलेच नाहीत.

सॅन फ्रान्सिस्को: ‘टाईप ए’चा उदय

आता स्वभावाची बाजू. सॅन फ्रान्सिस्कोतल्या माउंट झायन रुग्णालयात मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे दोन हृदयरोगतज्ज्ञ होते. १९५८ मध्ये त्यांनी अकाउंटंट लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कर भरायची मुदत जवळ आली की त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढायचं, मुदत संपली की उतरायचं. मार्चअखेरीस आपल्याकडच्या कोणत्याही बँकेत किंवा पतपेढीत डोकावलात तर हे पटायला वेळ लागणार नाही.

बघा, हा निष्कर्ष कामाविषयीचा होता. मुदतीचा ताण. पण लगेच पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, त्यांनी माणसांचाच एक नमुना मांडला. सतत घाई, स्पर्धा, अधीरता, दुसऱ्याचं वाक्य मधेच तोडणं आणि आत धुमसणारा राग. हा ‘टाईप ए’. याच्या उलट निवांत माणूस ‘टाईप बी’. ते ओळखण्यासाठी त्यांनी मुलाखत बसवली होती. मुलाखत घेणारा मुद्दाम रेंगाळत प्रश्न विचारायचा. समोरचा काय उत्तर देतो यापेक्षा तो वाक्य पूर्ण होऊ देतो की नाही, हे टिपलं जायचं.

१९६० मध्ये त्यांनी मोठा अभ्यास सुरू केला. कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांत काम करणारे ३९ ते ५९ वयाचे ३,१५४ निरोगी पुरुष, साडेआठ वर्षांचा पाठपुरावा. त्यात २५७ जणांना हृदयविकार झाला. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात घेऊनही टाईप ए माणसांना धोका साधारण दुप्पट निघाला. स्वभाव आधी मोजला, आजार नंतर झाला. रचना म्हणून हा अभ्यास भक्कम होता, हे मान्य करायलाच हवं. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने टाईप ए हा हृदयविकाराचा एक धोका मानला.

आणि मग इमारत हलली. १९८५ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत टाईप ए आणि हृदयविकाराचा संबंध दिसलाच नाही. १९८८ मध्ये डेव्हिड रॅगलंड आणि रिचर्ड ब्रँड यांनी त्या मूळच्या २५७ रुग्णांचं पुढे काय झालं ते पाहिलं. पहिल्या झटक्यातून वाचलेल्यांमध्ये टाईप ए माणसांचे मृत्यू उलट कमी होते. पुढच्या संशोधनात ‘टाईप ए’ या गाठोड्यातून घाई आणि महत्त्वाकांक्षा बाजूला पडली, आणि इतरांविषयीची कडवट शत्रुत्वाची भावना एवढाच धागा थोडाफार टिकला.

विज्ञानात असं होतंच, त्यात लाज नाही. पण एक प्रश्न उरतो. पुरावा डळमळीत झाल्यावरही ही कल्पना इतकी वर्षं तगली कशी?

प्रश्न कोणाच्या सोयीचा होता?

१९९८ च्या तडजोडीनंतर अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांची लाखो अंतर्गत कागदपत्रं लोकांसाठी खुली झाली. ती वाचून मार्क पेटिक्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन शोधनिबंध लिहिले. २०११ च्या निबंधात त्यांनी दाखवलं की हान्स सेल्ये यांना तंबाखू उद्योगाकडून पैसा मिळत होता. २०१२ च्या निबंधात टाईप ए संशोधनाला फिलिप मॉरिस कंपनीने कसं पोसलं हे मांडलं.

कंपनीला यात काय रस असावा? सोपं आहे. हृदयविकार ‘घाईच्या स्वभावाने’ होतो असं ठरलं, तर सिगारेट सुटते. न्यायालयात म्हणता येतं की हा माणूस मुळात तसलाच होता, आणि तसली माणसं सिगारेटही ओढतात आणि आजारीही पडतात.

व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासातलं मोठं नाव हान्स आयसेंक. कर्करोगाचं मूळ धूम्रपानापेक्षा व्यक्तिमत्त्वात आहे अशी बाजू त्यांनी मांडली. तंबाखू उद्योगाचा पैसा त्यांनाही मिळत होता. रोनाल्ड ग्रोसार्ट-माटिचेक यांच्याबरोबरच्या त्यांच्या निबंधांतले आकडे इतके अविश्वसनीय होते की २०१९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने २६ निबंध ‘भरवशाचे नाहीत’ असं सांगितलं. त्यांतले काही पुढच्या वर्षी नियतकालिकांनी मागे घेतले.

म्हणून स्वभावाचा अभ्यास सगळा खोटा, असं मी म्हणत नाहीये. फ्रीडमन आणि रोझेनमन यांनी सचोटीने सुरुवात केली होती. मला एवढंच सांगायचंय की ‘दोष माणसात आहे’ हे उत्तर नेहमी कोणाच्या तरी सोयीचं असतं. तुम्ही शिफारस लिहिता की चालकांनी ध्यान करावं, तेव्हा ड्युटीचे तास, गाडीची अवस्था, विश्रांतीची खोली या कशावरच बोट ठेवावं लागत नाही. कोणी दुखावत नाही, प्रबंध सुरळीत पास होतो.

कामाची बाजू

१९७८ मध्ये मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे १७,५०० पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समजूत अशी होती की हृदयविकार हा साहेबांचा आजार, कारण सगळी जबाबदारी त्यांच्या डोक्यावर. निघालं उलट. सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या ३.६ पट होतं. धूम्रपानासारख्या गोष्टी हिशेबात घेतल्या तरी हा सगळा फरक भरून निघाला नाही.

१९७९ मध्ये रॉबर्ट कारासेक यांनी याला एक चौकट दिली. कामाची मागणी किती, आणि ते काम कसं करायचं हे ठरवायची मोकळीक किती. मागणी भरपूर आणि मोकळीक शून्य असली की ताण सर्वांत जास्त. आता आपला चालक आठवा. वेळापत्रक दुसऱ्याचं, रस्ता दुसऱ्याचा, गर्दी दुसऱ्यांची आणि उशीर झाला की जाब मात्र त्याला. कारासेक यांची चौकट समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

पुन्हा चालक, या वेळी भारतातले

आता आपल्या जवळचा अभ्यास. पुणे विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणारे म. न. पलसाने यांचं नाव मराठीतून मानसशास्त्र शिकलेल्या अनेकांना ठाऊक असेल. त्यांनी गॅरी इव्हान्स आणि सिबिल कॅरेर यांच्याबरोबर अमेरिका आणि भारत अशा दोन देशांतल्या बसचालकांचा अभ्यास केला. तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर टाईप ए चं बहुतेक संशोधन कचेरीत बसणाऱ्यांवर झालं होतं. इथे हात काळे करून काम करणाऱ्या माणसाकडे लक्ष गेलं.

निष्कर्ष असा की दोन्ही देशांत टाईप ए चालकांचे अपघात टाईप बी चालकांपेक्षा जास्त होते. भारतात तर संशोधकांनी चालकांचं गाडी चालवणंच टिपलं. टाईप ए चालक जास्त वेळा ब्रेक मारत होते, जास्त वेळा ओव्हरटेक करत होते आणि जास्त हॉर्न वाजवत होते.

सुरत महामार्गावरून प्रवास करणाऱ्याला यात नवं काय, असं वाटेल. पण पद्धत बघा. संशोधकांनी चालकाला फक्त ‘तुम्हाला ताण येतो का’ असं विचारून सोडलं नाही. अपघात मोजले, हॉर्न मोजले. म्हणून या अभ्यासातून स्वभावाचा परिणाम खरोखर आहे हे मान्य करावं लागतं. एकाच रस्त्यावर दोन स्वभावांची माणसं दोन तऱ्हांनी गाडी चालवतात. चिडका चालक स्वतःच्या वाट्याचा ताण थोडा स्वतःच वाढवून घेतो. हे नाकारणं म्हणजे दुसऱ्या टोकाला जाणं.

प्रश्नावलीचा सापळा

याउलट आपल्या विद्यापीठांत काय होतं? भारतात दोन मापनी फार वापरल्या जातात. एक ए. के. श्रीवास्तव आणि ए. पी. सिंग यांची १९८१ ची व्यावसायिक ताण निर्देशांक मापनी, ४६ विधानं आणि १२ उपघटक. दुसरी उदय पारीक यांची भूमिका-ताणाची मापनी, ५० विधानं आणि १० प्रकार. दोन्ही अभ्यासू माणसांनी कष्टाने तयार केल्या आहेत. अडचण मापनीत नाही, आपल्या वापरण्यात आहे.

समजा, चटकन अस्वस्थ होणारा माणूस आहे. व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावलीत तो ‘मला लहानसहान गोष्टींची काळजी वाटते’ याला ‘होय’ म्हणतो. ताणाच्या प्रश्नावलीत ‘माझ्यावर कामाचा भार जास्त आहे’ यालाही ‘पूर्ण सहमत’ म्हणतो. आरोग्याच्या प्रश्नावलीत ‘डोकं दुखतं’ यालाही होकार. तिन्ही आकड्यांत छान सहसंबंध येतो. पण तुम्ही तीन गोष्टी मोजल्यात, की एकच गोष्ट तीन कागदांवर मोजलीत?

१९८८ मध्ये आर्थर ब्रीफ आणि सहकाऱ्यांनी हीच शंका काढली. १९८९ मध्ये डेव्हिड वॉटसन आणि जेम्स पेनेबेकर यांनी दाखवलं की अशी वृत्ती शारीरिक तक्रारींशी घट्ट जोडलेली असते, पण तपासणीत दिसणाऱ्या प्रत्यक्ष आजाराशी तिचा संबंध तेवढा घट्ट नसतो. मग बरेच लोक ही वृत्ती संख्याशास्त्राने वजा करून टाकू लागले. त्यावर २००० मध्ये पॉल स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी इशारा दिला: सरसकट वजा करू नका, कारण कामाच्या ताणानेच ती वृत्ती वाढलेली असू शकते. मग तुम्ही खरा परिणामच फेकून द्याल.

फिरून आपण त्याच प्रश्नावर आलो ना? आधी काय आणि नंतर काय.

स्टॉकहोम: तेच चालक, बदललेला रस्ता

या गोष्टीचा शेवटचा टप्पा मला सर्वांत जास्त शिकवून गेला. पलसाने यांच्याबरोबर चालकांचा स्वभाव मोजणारे गॅरी इव्हान्स पुढे स्वीडनमध्ये गुन जोहान्सन आणि लैफ रुडस्टेट यांच्याबरोबर काम करत होते. १९९९ मध्ये त्यांचा अभ्यास आला. स्टॉकहोममध्ये एका बसमार्गावर सुधारणा केल्या गेल्या. बसला गर्दीतून वाट मिळावी आणि प्रवाशांना माहिती नीट कळावी, असे बदल. दुसरा मार्ग तुलनेसाठी जसाच्या तसा ठेवला.

सुधारलेल्या मार्गावरच्या चालकांच्या कामातल्या बारीकसारीक कटकटी कमी झाल्या. त्यांचा वरचा रक्तदाब आणि नाडीचे ठोकेही तुलनेच्या मार्गापेक्षा उतरले. कोणाचाही स्वभाव बदललेला नव्हता. रस्ता बदलला होता.

स्वभावाला औषध नसतं असं आपण म्हणतो. कामाला असतं, आणि त्याचा परिणाम मोजताही येतो.

आता तुमचा आराखडा उघडा

त्या मुलाला मी विषय बदल असं सांगितलं नाही. विषय चांगला आहे, आपल्या भागातला आहे आणि माणसांच्या जिवाशी निगडित आहे. मी त्याला कागदावर चार ओळी लिहायला सांगितल्या. तुम्हीही लिहा. स्वभाव या गोष्टीत चार ठिकाणी शिरू शकतो:

१. निवड: विशिष्ट स्वभावाची माणसं विशिष्ट काम निवडतात किंवा त्यात टिकतात. लंडनच्या विजारी आठवा.

२. ओढवून घेणं: स्वभावामुळे माणूस ताणाचे प्रसंग जास्त निर्माण करतो. भारतातल्या चालकांचे हॉर्न आठवा.

३. प्रतिक्रिया: प्रसंग तोच, पण एकाला जास्त लागतो, दुसऱ्याला कमी.

४. सांगणं: त्रास सारखाच, पण एकजण जास्त नोंदवतो. तीन कागदांवरचा सहसंबंध आठवा.

नुसता ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकात घातला की या चारांची भेळ होते. यांतलं तुम्ही नेमकं कोणतं तपासणार, ते परिकल्पनेत लिहा. संशोधन समितीपुढे सादरीकरणाला उभे राहाल तेव्हा बाकी काही आठवलं नाही तरी हे सांगता आलं पाहिजे.

मग साक्रीत काय करता येईल? माझ्या मते बरंच. शंभर माणसांकडून एकदा प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा तीस-चाळीस चालकांकडून दोन आठवडे रोज पाच मिनिटांची नोंद घ्या. आज कोणता मार्ग होता, किती उशीर झाला, झोप किती झाली, आत्ता कसं वाटतंय. तोच चालक एक दिवस कोंडाईबारीच्या घाटात जातो, एक दिवस धुळ्याच्या सरळ रस्त्यावर. त्या दोन दिवसांत त्याचा स्वभाव तर तोच आहे. म्हणजे दिवसादिवसातला जो फरक दिसेल, त्याचं खापर स्वभावावर फोडता येणार नाही. आणि घाटाचा त्रास कोणाला जास्त होतो, हे पाहाल तिथे स्वभाव पुन्हा आत येईल, या वेळी योग्य दरवाजाने. मात्र त्या दुसऱ्या प्रश्नाला माणसांची संख्या जास्त लागते. तीस-चाळीसवर ठाम विधान करू नका, ‘प्राथमिक’ म्हणा. शक्य झालं तर सुरुवातीला आणि शेवटी रक्तदाब मोजा. सेवेची वर्षं नोंदवा. नोकरी सोडलेल्या दोन-चार जणांना शोधून त्यांच्याशी बोला. रीतसर परवानगी घ्या आणि कोणाचं नाव वहीत राहणार नाही याची काळजी घ्या. ‘चिडका’ असा शिक्का एखाद्याच्या नावापुढे गेला तर त्याच्या पोटावर पाय येऊ शकतो. ही जबाबदारी मार्गदर्शकांची नाही, तुमची आहे.

हे काम जास्त आहे, मान्य. डेपोत पहाटे जावं लागेल, काही नोंदी अर्धवट येतील, कोणी मधेच कंटाळेल. पण शेवटच्या प्रकरणात लिहायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

तो मुलगा निघताना म्हणाला, “ताई, मग शिफारशीत योग-ध्यान लिहायचं की नाही?” मी म्हटलं, लिही की, ध्यानाने कोणाचं वाईट होत नाही. फक्त त्याच्या वर आणखी एक ओळ यायला हवी, कामात काय बदलता येईल याची. ती ओळ कोणती, हे तुझ्या नोंदी सांगतील. आजच लिहून ठेवू नकोस.

तुमच्याही आराखड्यात शिफारस आधीच लिहून झाली असेल तर ती खोडा आणि वही घेऊन स्टँडवर जा. पुढच्या वेळी रोजनिशी पद्धतीच्या नोंदी कशा आखायच्या आणि त्यांचं विश्लेषण कसं करायचं, ते उदाहरणासह बघू. तोपर्यंत अभ्यास चालू ठेवा.